छुपे पाते, उघडा खंजीर

'असॅसिन्स क्रीड' या व्हिडिओ गेमच्या नायकाचे खरे हत्यार तलवार नाही. त्याच्या डाव्या मनगटाखाली, बाहीच्या आत एक पाते दडलेले असते. गर्दीतून वाट काढत तो सावजाच्या पाठीमागे येतो, पंजा किंचित मागे वाकवतो, पाते बाहेर सरकते, काम होते आणि पाते पुन्हा बाहीत जाते. शेजारून चाललेल्या माणसाला क्षणभर काही कळतही नाही. या एका हालचालीवर २००७ पासून आजवर गेमचे अनेक भाग उभे राहिले आहेत.

आमच्या शाळेतली नववी-दहावीची मुले हा गेम मोबाइलवर, कुणाच्या घरच्या कॉम्प्युटरवर किंवा निदान यूट्यूबवर पाहून ओळखतात. त्यांना दमिश्क, अक्का, बगदाद ही नावे पाठ आहेत. ती नावे त्यांना पाठ्यपुस्तकाने दिलेली नाहीत. एकाने विचारले, "सर, अलमूत खरंच होतं का?" होते. पण त्या किल्ल्यातली माणसे जे कौशल्य जाणत होती ते आणि गेममधले कौशल्य यांत मोठे अंतर आहे. ते अंतर कोणी, कधी आणि का पाडले, हे पाहिले की आपल्याच इतिहासातली एक बाजू उघडी पडते.

गेममधले कौशल्य कसे चालते

पहिला भाग ११९१ सालच्या तिसऱ्या क्रुसेडच्या काळात घडतो. नायक अल्तैर, ठिकाण सीरियातला मस्याफचा किल्ला. त्या भागात छुपे पाते वापरायला काही शिस्त होती. सावजाची आधी टेहळणी करायची, कुणाचे बोलणे चोरून ऐकायचे, कुणाच्या खिशातले पत्र काढायचे. पांढऱ्या झग्यातल्या विद्वानांच्या घोळक्यात मान खाली घालून मिसळायचे. मग पाठीमागून जाऊन बटण दाबायचे. उघड्या लढाईत मात्र हे पाते बेभरवशाचे. ते हाती असताना शत्रूचा वार अडवता येत नाही. वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबले तरच उलटा घाव बसतो, नाहीतर आपणच जखमी. घाव बसल्यावर शहरात घंटा वाजू लागते आणि खेळाचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. छपरांवरून पळायचे, गवताच्या गंजीत लपायचे, सुटायचे.

२०१७ चा 'ओरिजिन्स' हा भाग आला तेव्हा या मालिकेने 'रोल-प्लेइंग' गेमचे रूप घेतले. त्यात नायकाची लेव्हल असते, शत्रूचीही असते आणि पात्याच्या माऱ्याला आकडा असतो. समोरचा आपल्यापेक्षा बऱ्याच वरच्या लेव्हलचा असेल तर पाते आरपार जाऊनही तो मरत नाही, फक्त त्याच्या आयुष्याची पट्टी कमी होते. मग खेळाडूने सामान गोळा करायचे, पाते सुधारायचे आणि पुन्हा यायचे.

२०२३ चा 'मिराज' ८६१ सालच्या बगदादमध्ये घडतो. त्यातला नायक बासिम याच्याकडे 'असॅसिन्स फोकस' नावाचे कौशल्य आहे. लपून केलेल्या प्रत्येक हत्येने एक पट्टी भरत जाते. पट्टी भरली की बटण दाबायचे. काळ थांबतो, खेळाडू आजूबाजूच्या शत्रूंवर एकामागून एक खुणा करतो आणि बासिम विजेसारखा एकाकडून दुसऱ्याकडे जात सगळ्यांना संपवतो. कौशल्य पुरते वाढवले की एका दमात पाच जण.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. हत्या हे परत परत करता येण्याजोगे काम आहे. केल्याने ते सुधारते आणि करणारा जिवंत राहतो. गेमला हे असेच ठेवावे लागते. नायक पहिल्याच हत्येत मेला तर पुढे खेळणार कोण?

अलमूतचा फिदाई

इतिहासातले फिदाई नेमके इथेच वेगळे होते. त्यांना परत येणे नव्हते.

१०९० मध्ये हसन बिन सबाह याने उत्तर इराणच्या डोंगरातला अलमूतचा किल्ला फारसा रक्तपात न करता ताब्यात घेतला. तो इस्माइली दाई, म्हणजे प्रचारक होता. समोर होती सेल्जुक तुर्कांची सल्तनत, त्या काळातली मुस्लिम जगातली सर्वांत मोठी लष्करी ताकद. मैदानात तिच्याशी लढणे मूठभर डोंगरी माणसांना अशक्य होते. पण त्या सल्तनतीची घडण अशी होती की सत्ता एका ठिकाणी नव्हती. ती अमीर, वजीर आणि किल्लेदार अशा व्यक्तींमध्ये वाटलेली होती. एक माणूस गेला की त्याची फौज पांगायची आणि त्याचे भाऊबंद आपसात भांडायला लागायचे. सैन्याऐवजी माणसावर वार करण्याचे धोरण यातून आले.

पहिले मोठे सावज होते निज़ाम-उल-मुल्क. बगदादचा प्रसिद्ध निज़ामिया मदरसा उभारणारा आणि तीस वर्षे सेल्जुकांचा कारभार चालवणारा वजीर. १०९२ च्या ऑक्टोबरात, रमज़ान महिन्यात, नहावंदजवळ तो इफ्तारनंतर पालखीतून जनानखान्याच्या तंबूकडे निघाला होता. सूफीच्या वेषातला एक तरुण अर्ज घेऊन पुढे आला आणि त्याने खंजीर खुपसला. पळताना तो तंबूच्या दोरीत अडखळला आणि तिथेच मारला गेला. या हत्येमागे दरबारातलेच काही जण होते असा संशय तेव्हाही होता. पण फिदाईंच्या पद्धतीचे सारे घटक या एका प्रसंगात दिसतात: फकिराचा वेष, हातात अर्ज, जवळून वार आणि जागीच मृत्यू.

पुढच्या दीडशे वर्षांतल्या बहुतेक घटना याच चालीने घडल्या. बाण नाही, विष नाही, दुरून वार नाही. हत्यार एकच, खंजीर. जागा बहुतेकदा भर वस्तीतली. जुम्म्याच्या नमाज़ेची मशीद, दरबार, रस्ता. वार लपवायचा नव्हता, दाखवायचा होता. हसनच्या चौतीस वर्षांच्या काळात अशा सुमारे पन्नास हत्यांची नोंद सापडते आणि ती करणाऱ्यांची नावे अलमूतमध्ये सन्मानाने लिहून ठेवली जात.

मग फिदाईचे कौशल्य कशात होते? मनगटाच्या झटक्यात नव्हे, तर वाट पाहण्यात. ११९२ च्या एप्रिलमध्ये सूर शहरात कॉनराड ऑफ मॉन्टफेरॅट मारला गेला. हा जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचा नवा निवडलेला राजा. मारणारे दोघे ख्रिस्ती जोगी बनून त्या शहरात राहिले होते आणि लोकांच्या विश्वासातले झाले होते. त्यासाठी दुसऱ्याची भाषा शिकावी लागते, दुसऱ्याची उपासना शिकावी लागते, दिवसेंदिवस खोट्या नावाने जगावे लागते. हे कौशल्य आयुष्यात एकदाच वापरता येत होते.

इमाम फख्रुद्दीन राज़ींबद्दलची एक कथा जुन्या तवारीखांत सांगितली जाते. राज़ी आपल्या दर्समध्ये इस्माइलींवर कडाडून टीका करत. एक फिदाई शागिर्द बनून कित्येक महिने त्यांच्याकडे शिकत राहिला. एके दिवशी एकांत मिळताच त्याने त्यांच्या छातीवर बसून खंजीर रोखला, टीका थांबवण्याचे वचन घेतले आणि वर सोन्याची थैली दिली. पुढे कुणीतरी विचारले, आता तुम्ही त्यांच्यावर का बोलत नाही? राज़ी म्हणाले, त्यांचे दलील फार टोकदार आणि वजनदार आहेत. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यात रक्त सांडत नाही. फिदाईंची ताकद मारण्यापेक्षा दहशतीत जास्त होती. सुलतान सलाहुद्दीनवरही त्यांनी हल्ले केले. ११७६ मध्ये तो आज़ाज़ला वेढा घालून बसला होता, तेव्हा शिरस्त्राणाखालच्या चिलखताने तो वाचला. त्याच वर्षी त्याने मस्याफला वेढा घातला आणि थोड्याच दिवसांत उठवला. त्यानंतर त्याने त्यांच्या वाटेला जाणे टाळले.

यात गौरव करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. मशिदीत नमाज़ीचा खून तो खूनच. शिवाय त्याची किंमत फक्त फिदाईने मोजली नाही. प्रत्येक हत्येनंतर शहराशहरांतल्या सामान्य इस्माइलींवर, ज्यांनी खंजीर हातातही घेतला नव्हता त्यांच्यावर, लोक तुटून पडत. १११३ मध्ये हलबमध्ये आणि ११२९ मध्ये दमिश्कमध्ये त्यांच्या कत्तली झाल्या. गेममध्ये हत्येनंतर घंटा वाजते, थोडी पळापळ होते आणि लपले की शहर पुन्हा शांत होते. खऱ्या शहरांत वेषांतर न केलेले, आपल्या घरी राहणारे लोक सापडत होते.

नाव कुणी दिले?

'असॅसिन' हा शब्द आज इंग्रजीत मारेकऱ्यासाठी वापरतात. तो 'हशीशी'वरून आला, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढची कहाणीही माहीत असते: डोंगरावरचा म्हातारा तरुणांना हशीश पाजून गुंगीत नंदनवनासारख्या बागेत नेई, तिथे हूरी आणि शराब, मग बाहेर काढून सांगे, खून कर म्हणजे परत जन्नत मिळेल.

युरोपात ही कहाणी मार्को पोलोच्या प्रवासवर्णनाने पसरवली. पोलो इराणातून गेला तेव्हा अलमूत पडून पंधरा-सतरा वर्षे झाली होती. बाग त्याने पाहिली असणे शक्यच नव्हते. मग १८०९ मध्ये पॅरिसच्या सिल्व्हेस्टर द सासी या अरबीच्या पंडिताने 'असॅसिन'चे मूळ 'हशीशी'त दाखवले आणि कहाणीला विद्वत्तेचा शिक्का मिळाला. पण अता मलिक जुवैनीसारखा इस्माइलींचा कट्टर विरोधक, ज्याने त्यांना शिव्या द्यायची एकही संधी सोडली नाही, तोही हशीशच्या नशेचा आरोप करत नाही. साधा विचार केला तरी कळते. नशेत असलेला माणूस महिनोन् महिने परक्या शहरात खोट्या नावाने सावध राहू शकेल का?

हे नाव दिले कुणी, हा जास्त अडचणीचा प्रश्न आहे. ते क्रुसेडरांनी घडवले नाही.

१०९४ मध्ये काहिराचा फातिमी खलिफा अल-मुस्तनसिर वारला. गादीवर मोठा मुलगा निज़ार बसावा की धाकटा मुस्तअली, यावरून इस्माइलींचे दोन भाग झाले. हसन बिन सबाह निज़ारच्या बाजूने राहिला. आपल्या मुंबईच्या खोजा आणि बोहरा जमातींमधला फरक मुळात इथवर जातो. इस्माइली खोजे निज़ारी शाखेचे, बोहरे मुस्तअली शाखेचे. मुस्तअलीचा मुलगा खलिफा अल-आमिर याने ११२३ च्या सुमारास सीरियातल्या निज़ारींविरुद्ध एक पत्र पाठवले. 'हशीशिया' हा शब्द निज़ारींसाठी वापरलेला पहिल्यांदा सापडतो तो त्या पत्रात. त्यात नशेचे वर्णन नाही. 'हलके लोक', 'समाजातून उतरलेले' अशा अर्थाची ती शिवी होती. पुढे ११३० मध्ये अल-आमिर स्वतः निज़ारींच्या खंजिराला बळी पडला.

म्हणजे शब्द मुसलमानांनी मुसलमानांना दिला. एका घरातल्या भांडणातली शिवी सीरियात क्रुसेडरांच्या कानावर पडली, त्यांनी ती शब्दशः घेतली, तिच्याभोवती बाग आणि नशा उभी केली, आणि ती युरोप फिरून सातशे-आठशे वर्षांनी गेमच्या डब्यावर छापून आपल्या मुलांच्या हातात आली. पश्चिमेने आपली बदनामी केली, एवढेच म्हणून आपल्याला सुटता येत नाही. कच्चा माल आपण पुरवला होता.

उर्दूच्या वाचकांनी तर ही कहाणी गेमच्या शंभर वर्षे आधीच आवडीने वाचली. अब्दुल हलीम शरर यांची 'फिरदौस-ए-बरीं' ही कादंबरी १८९९ ची. हुसैन आणि ज़मुर्रद यांची प्रेमकथा, अलमूतची नकली जन्नत, फसवला गेलेला तरुण आणि शेवटी मंगोलांचा हल्ला. उर्दू गद्य म्हणून ती सुरेख आहे, मी ती आजही विद्यार्थ्यांना वाचायला सांगतो. पण आपल्याकडच्या तीन पिढ्यांनी हसन बिन सबाह ओळखला तो शररच्या कल्पनेतून, इतिहासातून नव्हे. युरोपात तसेच काम व्लादिमिर बार्टोल या स्लोव्हेनियन लेखकाच्या १९३८ च्या 'अलमूत' कादंबरीने केले आणि गेम बनवणाऱ्यांनी प्रेरणा घेतली ती तिच्यातून.

गेमने काय काढून टाकले

क्रुसेडच्या काळातली आणखी एक दंतकथा आहे. ११९४ मध्ये काउंट हेन्री ऑफ शँपेन निज़ारींच्या किल्ल्यावर गेला. यजमानाने विचारले, तुझी माणसे तुझा हुकूम इतका पाळतात का? आणि त्याने बुरुजावर उभ्या असलेल्या दोघांना इशारा केला. दोघांनी खाली उडी घेतली आणि ते मेले.

गेमच्या पहिल्या भागात हाच प्रसंग आहे. शत्रू मस्याफच्या दारात आलेला, गुरूचा इशारा, तिघांची उंचावरून उडी. फरक एवढाच की खाली गवताची गंजी आहे. ही उडी नंतर या मालिकेची ओळख बनली. खेळाडू ती शेकडो वेळा मारतो आणि दर वेळी अंग झटकून उठतो.

छुप्या पात्याचेही तेच झाले. लोकांसमोर उघडपणे मारलेला खंजीर बाहीत लपवला, मरणाऱ्या फिदाईला सुटणारा नायक केले, आयुष्यात एकदाच करायच्या गोष्टीला लेव्हलवर चढणारे कौशल्य केले. जुन्या कहाणीला या माणसांच्या मरण्याचे कारण समजत नव्हते, म्हणून तिने नशा आणली. गेमने मरणच काढून टाकले. दोन्हींत एक प्रश्न विचारलाच जात नाही: नशा न केलेला, शिकलेला, शुद्धीवर असलेला माणूस असे का करतो? त्याला कोण काय शिकवते, त्याच्या जमातीवर काय गुदरलेले असते आणि त्याला पाठवणारा स्वतः का जात नाही? आजच्या काळात हे प्रश्न आपल्या मुलांशी बोलायला आपण घाबरतो. अलमूतच्या निमित्ताने ते बोलता येतात.

गेमचे श्रेयही मान्य करायला हवे. 'मिराज'ने बगदादचे गोल शहर, बाज़ार आणि बैत-उल-हिकमा मुलांच्या डोळ्यांसमोर उभे केले. सोबत इतिहासाच्या नोंदी दिल्या, ज्यांसाठी पॅरिसच्या अरब जगत संस्थेसारख्यांची मदत घेतली. पण ८६१ साली हसन बिन सबाह जन्मालाही आलेला नव्हता. त्या वर्षातली इतिहासाने नोंदवलेली मोठी हत्या खलिफा मुतवक्किलची, आणि ती कुठल्या गुप्त पंथाने नव्हे, त्याच्याच तुर्क शरीररक्षकांनी सामर्‍यात केली.

किल्ल्यातले ग्रंथालय

अलमूतमध्ये खंजिराखेरीज दुसरे काही होते का? नसीरुद्दीन तूसी हा त्या शतकातला मोठा गणितज्ञ आणि खगोलज्ञ इस्माइली किल्ल्यांत कित्येक वर्षे राहिला. त्याचा 'अख्लाक-ए-नासिरी' हा नीतिग्रंथ कुहिस्तानच्या इस्माइली सरदाराच्या आश्रयाने लिहिला गेला. तोच ग्रंथ पुढे मुघल दरबारात अकबराला वाचून दाखवला जाई. १२५६ मध्ये हुलागूच्या मंगोल फौजेसमोर इमाम रुक्नुद्दीन खुरशाह याने शरणागती पत्करली. हुलागूसोबत आलेला जुवैनी ग्रंथालयात शिरला. कुरआनच्या प्रती, काही निवडक पुस्तके आणि ग्रह-ताऱ्यांची उपकरणे त्याने बाजूला काढली. बाकीचे जाळले. जाळणारानेच मग त्यांचा इतिहास लिहिला आणि आपण शतकानुशतके तोच वाचत आलो.

या इतिहासाला दुसरी बाजू मिळाली ती मोठ्या प्रमाणात मुंबईत. व्लादिमिर इवानोव हा रशियन अभ्यासक तिथे राहून इस्माइलींची हस्तलिखिते गोळा करत होता. १९४६ मध्ये मुंबईत इस्माइली सोसायटी स्थापन झाली आणि त्याने ते ग्रंथ एकेक करून छापले. आज फरहाद दफ्तरींसारखे इतिहासकार हशीशच्या दंतकथा खोडून काढतात, तेव्हा त्यांच्या पायाशी हे काम असते.

मुंबईच का, याचेही कारण आहे. अलमूत पडल्यावरही निज़ारी संपले नाहीत. इराणात सहा शतके कधी लपून, कधी सूफींच्या वेषात त्यांची परंपरा टिकली. छेचाळिसावे इमाम हसन अली शाह, म्हणजे पहिले आगा खान, १८४० च्या दशकात हिंदुस्थानात आले आणि मुंबईत स्थायिक झाले. खोजा जमातीवर त्यांचा अधिकार आहे की नाही, हा वाद मुंबई हायकोर्टात गेला. १८६६ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ अर्नोल्ड यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालपत्रात अलमूतपासूनचा इतिहास मांडावा लागला. १८८१ मध्ये ते वारले. त्यांची कबर माझगावच्या हसनाबादमध्ये आहे. त्यांच्या नातवाने १८९२ मध्ये पुण्यात वाडा बांधला, दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून. त्याच आगा खान पॅलेसमध्ये १९४२ ते १९४४ गांधीजी कैदेत होते आणि कस्तुरबा तिथेच गेल्या. १९६९ मध्ये आगा खान चौथे यांनी ती वास्तू देशाला दिली.

असॅसिन्स क्रीड बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीची एक कचेरी पुण्यातही आहे. शाळेची सहल आगा खान पॅलेसला जाते तेव्हा मुले कस्तुरबांची समाधी पाहतात आणि वहीत सनावळी उतरवतात. यंदा त्यांना एवढे जास्तीचे सांगायला हरकत नाही, की ही वास्तू ज्यांनी बांधली त्यांचे पूर्वज अलमूतचे इमाम होते. मग पुढचे प्रश्न मुले स्वतःच विचारतील.